अर्धी प्लेट, पूर्ण पैसे

काल संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या सिग्नलला माझी गाडी तीनदा बंद पडली. पहिल्यांदा पडली तेव्हा मी खाकरलो आणि उगाच आरसा नीट केला. दुसऱ्यांदा पडली तेव्हा एसीकडे रागानं बघितलं. तिसऱ्यांदा पडेपर्यंत सिग्नल पुन्हा लाल झाला होता. शेजारी मोपेडवर सॅक अडकवलेली एक कॉलेजची पोरगी होती. ती वाकून, अगदी मनापासून काळजीनं म्हणाली, "काका, एल लावा की गाडीला. मग लोक हॉर्न मारत नाहीत."

बावीस वर्षं गाडी चालवतोय मी. आणि हा 'एल' मला ६८ हजार रुपयांना पडलाय.

थोडक्यात सांगतो. गाडी टर्बो पेट्रोल, मूळचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळायचा जोर, २५० न्यूटन मीटर. गेल्या दिवाळीत मला अवदसा आठवली आणि इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून तो मी ३४० वर नेला. इंजिनाला बळ आलं. क्लच बिचारा होता तेवढाच राहिला. वाघबीळ सोडून पन्हाळ्याच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला, की आरपीएमचा काटा २,००० वरून टुणकन ४,००० वर आणि गाडी आहे त्याच वेगात. क्लच स्लिप मारत होता, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे न देता नुसताच घसरत होता. आत करपल्याचा वास. बायको म्हणाली, "अहो, कुणाचं तरी दूध लागलंय." घाटात!

म्हणून उद्यमनगर. ज्या पेठेनं ऑइल इंजिनं घडवली, तिला माझा क्लच काय जड, या विश्वासानं मी गेलो. मेस्त्रींनी बाकड्यावर क्लचच्या दोन प्लेटी ठेवल्या. एक ऑरगॅनिक: गोल, तपकिरी, मूळच्या प्लेटीची सख्खी बहीण, फक्त तिला दाबून धरणारी जोडीची प्रेशरप्लेट जास्त कडक. दुसरी सिरॅमिक: तिला गोल अस्तर नाहीच, सहा पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीवर एक बटण. स्प्रिंग किती जोरानं दाबते, अस्तर किती घासतं आणि मध्यापासून किती लांब घासतं, यावर क्लच किती टॉर्क पेलणार ते ठरतं, एवढं मी रात्र रात्र जागून वाचलं होतं. सिरॅमिक जास्त घासतं, जास्त ताप सोसतं. मेस्त्री म्हणाले, "सर, रोज ऑफिसला जायचंय न्हवं? ऑरगॅनिक घ्या, ४०० पतोर धरतीय. ही बटणवाली ट्रॅकवरची. धरली तर धरली, सोडली तर सोडली. मधलं काय न्हाई हिच्यात."

इथं विषय संपला असता. पण बाजूच्या खुर्चीवर तो माणूस बसला होता.

धोतर, डोक्याला टॉवेल, पायात करकरणारी कापशी चप्पल. ट्रॅक्टरचं कसलंतरी बेअरिंग न्यायला आलेला. मघापासून तो चहाच्या कपातून माझ्याकडे बघत होता.

"काय झालंय पावणं गाडीला?"

"क्लच गेला."

"किती हॉर्सपावर?"

खरं तर मी ह्याच प्रश्नाची गेले सहा महिने वाट बघत होतो. कुणी विचारतच नाही. छाती जराशी काढून म्हणालो, "दोनशेच्या वर."

त्यानं कप खाली ठेवला. "आन् वढता काय?"

"म्हणजे?"

"मागं काय असतंय? ट्रॉली? टँकर?"

"मागं काय नसतं. मी, बायको, कधी कधी सासूबाई."

सासूबाईंच्या वजनाचा अंदाज घेत असल्यासारखा तो थोडा वेळ गप्प बसला. मग सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं म्हणाला, "माझा पंचेचाळीसचा हाय. मागं दोन ट्रॉल्या ऊस. कारखान्याच्या चढाला हूं का चूं न्हाई. पाच हंगाम झालं, तीच प्लेट."

मी समजावून सांगायला गेलो, हीच चूक. ट्रॅक्टरची प्लेट केवढी मोठी, गिअर किती खालचे, वेग किती कमी. टर्बो गाडीत सगळा जोर खालच्या आरपीएमला एकदम येतो आणि वरच्या गिअरमध्ये क्लचवर आदळतो. तो शांतपणे ऐकत होता. वेड्या माणसाचं ऐकतात तसं. शेवटी म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. पाय कसा टाकता ते दावा बघू."

"इथं?"

त्यानं भिंतीकडची एक वीट उचलली, माझ्या खुर्चीसमोर तिरपी लावली, मागून दुसरीचा टेकू दिला. "हा तुमचा क्लच. दाबा."

आता मी उठून जायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण वेल्डिंग करणाऱ्या पोरानं काच वर केली होती, चहावाला किटली घेऊन थांबला होता, मेस्त्री पान्यानं पाठ खाजवत होते. मी बूट घातलेला डावा पाय विटेवर ठेवला आणि दाबला.

"सोडा."

सोडला.

"पुन्यांदा. आता फुडं रिक्षा आलीय असं समजा."

मी काल्पनिक रिक्षासाठी वीट दाबली. तो उकिडवा बसला, माझ्या घोट्याला दोन बोटं लावून नाडी बघावी तसं बघितलं आणि मेस्त्रींकडे वळून निकाल दिला, "पाय उचलतच न्हाईत हे. विटंवर पाय ठिवून बसल्यात. हाफ क्लचवर संसार चाललाय ह्यांचा."

सगळं गॅरेज हसलं. चहावाला तर परत जाऊन कुणाला तरी बोलावून आला.

मग त्याचं लक्ष बाकड्यावरच्या सिरॅमिक प्लेटीकडे गेलं. हातात घेऊन उलटीपालटी केली. "ही केवढ्याला?" मी आकडा सांगितला. त्यानं पाकळ्यांमधल्या मोकळ्या जागेत बोट घालून दाखवलं. "आन् एवढ्या पैशात अर्धीच दिली व्हय? मधलं कुणी खाल्लं?"

मेस्त्रींनी त्याला धरणं-सोडणं समजावलं. ते मात्र त्याला लगेच पटलं. "म्हंजे पैलवानाची पकड. आखाड्यात बरी. पण हितं रोज शंभरदा हात मिळवायचाय, तिथं मनगाट मोडून कसं चालंल?" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, "पावणं, तुमी ती साधी घ्या. तुमच्या पायाला झेपायची न्हाई ही."

आता प्रामाणिकपणे सांगतो. मी आत येताना ऑरगॅनिकच घ्यायची ठरवून आलो होतो. पण 'तुमच्या पायाला झेपायची न्हाई' हे ऐकल्यावर कोल्हापूरचा माणूस दुसरं काय करणार? म्हणालो, "बटणवालीच टाका."

मेस्त्रींनी एकदा माझ्याकडे, एकदा विटेकडे बघितलं आणि गिअरबॉक्स उतरवायला घेतला.

पेडल आता असं आहे, की माझी डावी पोटरी उजवीपेक्षा वेगळी दिसायला लागली आहे. जुनं दोन तुकड्यांचं, मधे स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते इंजिनाचं जड चाक, काढून एकाच तुकड्याचं टाकलंय. त्यामुळे न्यूट्रलला उभी असली की गिअरबॉक्समधून डब्यात खडे हलवल्याचा आवाज येतो. सोसायटीचा वॉचमन रोज सांगतो, "साहेब, खाली कायतरी सुटलंय." बायकोनं एकदा पार्किंगमधून काढायला घेतली, गाडी हिसका देऊन नारळाच्या झाडापर्यंत गेली आणि तिथंच मेली. तेव्हापासून ती केएमटीच्या बसनं जाते आणि वेळेवर पोचते.

आणि चालवायची कुठं? पुढं रिक्षा, बाजूला बुलेट, मधून म्हैस, खाली दर पावसाळ्यात नव्यानं उघडणारे खड्डे. या शहरात गाडी चालवत नाहीत, सरकवतात. आणि सरकवायला लागतो तो हाफ क्लच, पेडल अर्धवट सोडून धरायचा, नेमका तोच या प्लेटीत नाही. सुटायचं म्हणजे आरपीएम चढवून एकदम सोडायचा. मग पुढचा रिक्षावाला मान बाहेर काढून माझ्या आईवडिलांची चौकशी करतो. ३४० पैकी किती वापरतो मी? महिन्यातून एकदा, पन्हाळ्याच्या दोन वळणांमध्ये, तेही मागं सासूबाई नसतील तर. बाकी सगळा टॉर्क महाद्वार रोडच्या गर्दीत उभा राहून पेट्रोल पितो. लिटरला काय पडतंय ते लिहीत नाही, घरचे वाचतात.

त्यात मेस्त्रींची ताकीद: पहिले ८०० किलोमीटर गावातच, सावकाश, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही, प्लेट बसू द्यायची. हायवेचे किलोमीटर धरायचे नाहीत, कारण तिथं क्लच दाबलाच जात नाही. हद्दवाढ रखडलेल्या या गावात ८०० किलोमीटर आणायचे कुठून? म्हणून रोज जेवण झालं की मी रंकाळ्याला फेऱ्या मारतो. थांबायचं, सुटायचं, थांबायचं, सुटायचं. आज १९० झाले.

भेळवाल्यानं परवा चौथ्या फेरीला हात करून थांबवलं. गाडी अर्थातच बंद पडली. तो काचेजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "साहेब, कोण हरवलंय का? फोटो दावा, आमी पण बघतो."