सातच वर्षं खेळला, तरी आत?

न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवर मिठाईच्या दुकानाबाहेर आमचा कट्टा भरतो. थंडी कितीही असो, चहा बाहेर उभं राहूनच. फेब्रुवारीत अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमची, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनाची, २०२५ ची यादी लागली आणि मिल्या आला तोच तणतणत. पिट्सबर्गला शिकलेला माणूस, तिथल्या स्टीलर्स संघाबद्दल वावगा शब्द खपत नाही.

"चारच नावं, आणि त्यात रिसीव्हर कोण? स्टर्लिंग शार्प! सात सीझन, ५९५ कॅच. आमचा हाइन्स वॉर्ड हजार कॅच घेऊन बाहेर उभा!" रिसीव्हर म्हणजे फेकलेला बॉल झेलून पळणारा.

"आणि रेजी वेन १,०७० घेऊन," राजूने री ओढली. हा इंडियानापोलिसच्या कोल्ट्स संघाचा चाहता.

आधी एक सांगून टाकलं, की शार्प निवृत्त होऊन खूप वर्षं झालेल्या ज्येष्ठांच्या कोट्यातून गेलाय, त्याने वेनचं ताट हिसकावलेलं नाही. पण खरा मुद्दा तो नाहीच. माझं म्हणणं, रिसीव्हरच्या कॅचची बेरीज बघूच नये. त्याच्या काळात त्याच्यापुढे किती जण होते ते बघावं.

"शार्पच्या पुढे कोणी नव्हतं. १९८९, १९९२ आणि १९९३, तिन्ही वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त कॅच त्याचेच. १९९२ ला तर कॅच, कापलेले यार्ड आणि टचडाउन, म्हणजे शेवटच्या रेषेपार नेलेला बॉल, तिन्हीत पहिला. शेवटच्या सीझनला १८ टचडाउन, मग मानेच्या दुखण्याने एकोणतिसाव्या वर्षी खेळ संपला. आणि हे सगळं बॉल टाकणाऱ्या फार्व्हच्या जिवावर म्हणू नका, १९८९ ला फार्व्ह शार्पच्या पॅकर्स संघात आलाही नव्हता."

"वेन २००७ ला यार्डात पहिला होता," राजू.

"एकदा. आणि बॉल टाकणारा मॅनिंग. त्याआधीची वर्षं पलीकडे मार्विन हॅरिसन. तो बिचारा चांगलाच होता रे, पण समोरचा संघ झोप उडवून घ्यायचा ती हॅरिसनची."

राजूला हे झोंबलं. त्याने चहाचा कप कठड्यावर आपटला.

मिल्याने पत्ता काढला. "बेरीज नको ना? मग लिन स्वॉनचं बोल. फक्त ३३६ कॅच, तरी आत!"

स्वॉन १९७४ ते १९८२ खेळला. १९७८ च्या आधी रिसीव्हर धावत असताना बॉल हवेत जाईपर्यंत बचाववाले त्याला कुठेही धक्का मारू शकत. त्या वर्षी नियम आला, की धक्का फक्त पहिल्या पाच यार्डांत. शिवाय १९७७ पर्यंत सीझनला सामने चौदाच. गावसकरच्या धावांना ट्वेंटी-ट्वेंटीचा स्ट्राइक रेट लावण्यासारखंच आहे हे. तरीही स्वॉनला २००१ पर्यंत ताटकळावं लागलं, आणि माझं मत विचाराल तर जिंकलेले चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम लढती, नसते तर अजूनही बाहेरच असता.

"मग वॉर्डचं ब्लॉकिंग, समोरच्याला अडवणं, कुठे मोजता?" मिल्या पेटला. "२००८ ला त्याने असा ब्लॉक घातला की बेंगल्स संघाच्या कीथ रिव्हर्सचा जबडा मोडला. लीगला पुढच्या वर्षी नियम बदलावा लागला! किती रिसीव्हरांमुळे नियम बदलतात?"

हे मात्र बिनतोड. बॉल फेकण्यापेक्षा घेऊन पळण्यावर चालणाऱ्या संघात रिसीव्हर अर्धा वेळ दुसऱ्यासाठी वाट मोकळी करतो, आणि ते कुठल्याच रकान्यात येत नाही. माझ्या मापाने वॉर्ड बसत नाही, पण ते माप ज्या रकान्यांवर उभं आहे त्यात त्याचं निम्मं काम नाहीच. मी वॉर्डला वेनच्या आधी घेईन. राजूने माझ्याकडे बघणंच सोडलं.

इतका वेळ गप्प असलेले देशपांडे काका म्हणाले, "बरं, काळातला पहिला हेच माप ना? मग अँटोनियो ब्राउन?"

सगळे हसले. २०१३ ते २०१८, सलग सहा सीझन शंभराच्या वर कॅच. माझ्या मापाने आत, डोळे मिटून. पण २ जानेवारी २०२२ ला इथेच, मेटलाइफ स्टेडियमवर, जेट्सविरुद्धचा सामना चालू असताना गड्याने जर्सी, पॅड सगळं उतरवलं आणि उघडाबंब हात हलवत निघून गेला.

"घ्यावंच लागेल," मी म्हणालो. "मतदारांना नियमच आहे, फक्त मैदानावरचं बघायचं."

"अहो, मग शर्ट काय घरी काढला होता त्याने?" काका म्हणाले.