घरबसल्या इतिहासाचार्य

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे घाईने जन्मले, हे त्यांचं पहिलं चुकलं. १८६३ ऐवजी १९९३ साली जन्मले असते तर गावोगावची पायपीट वाचली असती. कुणाच्या तरी माळ्यावरचं दफ्तर उंदरांच्या आणि पुड्या बांधणाऱ्या वाण्याच्या आधी गाठायचं, मालकाची मनधरणी करायची, रात्री कंदिलापाशी मोडी या जुन्या मराठी लिपीतलं उतरवून काढायचं. एवढं सगळं करून हाती काय, तर 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड. तुमच्याकडे ब्रॉडबँड आहे. बाल्कनीतल्या झोपाळ्यावर लॅपटॉप घेऊन बसलात तर गणपतीपासून दिवाळीपर्यंत तुम्ही इतिहासाचार्य व्हायला हरकत नाही. त्यासाठी अनुभवातून आलेल्या चार गोष्टी सांगतो. फी घेत नाही, हा पुण्यातला अपवाद समजा.

पहिलं पथ्य म्हणजे पेशवे दफ्तराची, म्हणजे पेशवाईतल्या सरकारी कागदांच्या संग्रहाची, पायरी चढायची नाही. तिथे अर्ज करावा लागतो, रुमाल मागवावा लागतो. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुने कागद ज्यात बांधून ठेवलेत तो कापडाचा तुकडा, आणि त्यावरून अख्ख्या गाठोड्यालाच रुमाल म्हणतात. गाठ सोडली की आधी शिंका येतात आणि मग तुम्हाला नको असलेले कागद निघतात. कडब्याचे हिशेब, कुणाच्या तरी बैलाची तक्रार, कुलकर्ण्यांचं भाऊबंदकीचं भांडण. शिवाय तिथला बराचसा क्रम तुमच्या सोयीचा नाही. १८५० च्या दशकात इंग्रजांच्या इनाम कमिशनला कुणाचं इनाम (करमाफीची जमीन) खरं आणि कुणाचं खालसा, म्हणजे सरकारजमा, करता येईल एवढंच बघायचं होतं, त्या कामासाठी ती दफ्तरं उलगडली, लावली, पुन्हा बांधली. शेजारचे दहा कागद वाचले की आपला कागद इथे का आला ते कळतं. हे कळलं की लेख लांबतो आणि ठाम विधानं करता येत नाहीत. स्क्रीनवर ही पीडा नाही. तिथे कागद एकटा येतो, आईबापाविना, आणि आपण म्हणू ते मुकाट ऐकतो.

आता शोध कसा घ्यायचा ते पाहू. 'अभिलेख पटल' हे राष्ट्रीय अभिलेखागाराचं संकेतस्थळ उघडा, इंटरनेट अर्काइव्ह उघडा, पेटीत 'पानिपत' लिहा आणि चहा टाकायला जा. परत याल तेव्हा फारसं काही आलेलं नसेल. वाईट वाटून घेऊ नका. १७६१ साली पत्र लिहिणाऱ्या कारकुनाला आपल्याला कीवर्ड द्यायचा आहे याची कल्पना नव्हती. तो अफगाणांना 'गिलचे' लिहितो, 'अबदाली' लिहितो, 'भाऊसाहेब' लिहितो, कधी नुसतंच 'तिकडील वर्तमान' म्हणून मोकळा होतो. ज्या सावकारी पत्राने नानासाहेबांना बातमी कळली असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यात तर दोन मोती गळाले नि सत्तावीस मोहरा हरपल्या. आता 'मोती' लिहून शोधा. दागिन्यांच्या याद्या येतील. तेव्हा सरळ 'पानिपताबद्दल कागदपत्रे मौन का?' असं शीर्षक देऊन लेख लिहायला घ्या. मौन कागदांचं नसून शोधपेटीचं आहे, हे कोण तपासायला येतंय?

इंग्रजी कागदांत आणखी सोय आहे. तिथे 'पुणे' शोधलंत तर १९७८ पूर्वी या गावात काही घडल्याचा पुरावा मिळत नाही. 'पूना' लिहून बघण्याची दुर्बुद्धी झालीच तर मग रेसिडेन्सीचा, म्हणजे पेशवे दरबारातल्या इंग्रज वकिलांचा, पत्रव्यवहार अंगावर येतो. त्यात मॅलेट आहे, पामर आहे, एल्फिन्स्टन आहे आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं आहे. नाना फडणवीस कुठे 'नाना फर्नीस' होतात, कुठे 'बाळाजी पंडित'. तुम्ही ही दोन-तीन माणसं धरा. नव्या संशोधनाला नवी माणसं लागतातच.

आणि ज्या पुस्तकांचं स्कॅन करून सॉफ्टवेअरने अक्षरं ओळखली आहेत, त्यांच्यावर तर पूर्ण विश्वास टाका. 'ध' चा 'मा' करायला आनंदीबाईंना नारायणराव, गारदी, शनिवारवाडा असा केवढा संसार मांडावा लागला, असं लोक सांगतात. (ज्या कागदावर तो केला म्हणतात तो मूळ कागद इतिहासकारांच्या हाती आलेला नाही, पण पुण्यात त्यावाचून कुणाचं अडलं नाही.) आता तेच काम यंत्र फुकट करतं, आणि एकाच अक्षरावर थांबत नाही. जुन्या टायपातल्या जोडाक्षराला ते असं काही वाचतं की श्रीमंतांचा श्रीखंड व्हायचा. खालची मूळ प्रतिमा उघडून ताडून बघायला एक क्लिक लागते. ती वाचवा.

मोडीचं काय, असं विचाराल. मोडी शिकू नका. महिनाभर सराव केलात तर अक्षरं लागायला लागतात, हा धोका आहे. मोडीत ओळ आधी आखतात आणि अक्षरं तिला लोंबकळत येतात. शब्द कुठे संपला ते सांगायची पद्धत नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. एक अक्षर आणि पुढे दोन दांड्या एवढ्यात कारकून अख्खा शब्द उरकतो. 'रा॥' म्हणजे राजश्री, 'मु॥' म्हणजे मुक्काम, आणि पुढे ज्याची त्याची लहर. २०१४ साली मोडी युनिकोडमध्ये आली, त्यामुळे आता ती कॉम्प्युटरवर टाइप करता येते. टाइप करता येणं म्हणजे वाचता येणं असं ज्यांना वाटतं, त्यांचं भविष्य उज्ज्वल आहे.

तारखांवर मात्र जरा थांबतो, कारण खरी करमणूक तिथेच आहे. कागदावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं काहीतरी दिसेल. घाबरू नका, हा मंत्र नाही, शुहूर सन आहे, म्हणजे अरबी शब्दांत लिहिलेलं तेव्हाचं सरकारी साल. एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून इंग्रजी सालासाठी डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीनंतर ६००. शकाचंही तसंच, एरवी ७८ आणि पौषात इंग्रजी साल उलटलं की ७९. त्यात 'छ' लिहून पुढे रमजान-मोहरमची तारीख येते, ती वेगळी. एवढं गणित करत बसलात तर झोपाळा थांबेल. तुम्ही सरसकट ७८ मिळवा. शके १६८२ ची पौष शुद्ध अष्टमी १७६० मध्ये जाऊन बसते आणि पानिपत अख्खं एक वर्ष आधी उरकतं. सैन्याची उपासमार वाचते. शुहूर सनालाही ७८ च मिळवले तर ११६१ चे १२३९ होतात, म्हणजे देवगिरीला सिंघण यादव राज्य करत असताना अबदाली दिल्लीत शिरला. हा शोध तुमच्याआधी कुणीही लावलेला नाही, याची मी खात्री देतो.

छापील साधनांबद्दल थोडं. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते ३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद ४५ भागांत छापून काढले. ते स्कॅन होऊन फुकट मिळतात. ४५ ही संख्या एवढी भरघोस आहे की दफ्तर यात संपलं असं समजायला हरकत नाही. मुखपृष्ठावर 'निवडक' या अर्थाचा शब्द आहे, तिकडे दुर्लक्ष करा. कोट्यवधी कागदांतून एका माणसाने आपल्या काळातल्या प्रश्नांसाठी काही हजार उचलले, म्हणून लढाया, वकील आणि कारस्थानं वर आली आणि कडबा, वेठ, कर्ज खाली राहिलं, असला विचार मनात आला तर उठून एक फेरी मारून या.

फाइली उतरवून ठेवणं वगैरे करू नका. सगळं इंटरनेटवर कायम असतंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि स्कॅन केलेली हस्तलिखितं कित्येक महिने बघता आली नाहीत. त्या दिवसांत ज्यांचे प्रबंध अडले त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, म्हणजे फार काही झालं नसावं. संदर्भ क्रमांकही टिपू नका. 'साभार : गूगल' पुरतं.

हे सगळं मी कोरडं सांगत नाही. मला एका संकेतस्थळावर आमच्या आडनावाचा मोडी कागद मिळाला. खाली 'पत्र, अठरावे शतक' एवढंच लिहिलेलं. मध्यभागी एक शब्द स्पष्ट 'घोडा' असा वाटत होता. आमचे पूर्वज अटकेपार गेले होते हे घरात आधीपासून ठरलेलंच होतं, पुरावा तेवढा बाकी होता. मी तो कागद कॅनव्हासवर मोठा छापून घेतला, फ्रेम केला, दिवाणखान्यात लावला आणि नात्यातल्या ग्रुपवर तीन भागांची लेखमाला लिहिली. बडोद्याच्या आत्याला रडू आलं.

दिवाळीला वाड्यातले जुने शेजारी अण्णा फराळाला आले. आयुष्यभर तलाठ्यांच्या आणि वकिलांच्या नादी लागून त्यांची मोडी पक्की झालेली. चकली हातात तशीच धरून ते फ्रेमसमोर बराच वेळ उभे राहिले.

"काय रे, हे का लावलंयस?"

"अण्णा, आमचे खापरपणजोबा. राघोबादादांच्या फौजेत होते."

"फौजेत असतील बापडे. पण हे खत आहे. कर्जरोखा. घोडा नाही ते, 'जोडा' आहे. बैलजोडा. तुझ्या खापरपणजोबांनी सासवडच्या कुणाकडून बैलजोडीसाठी सदतीस रुपये घेतलेत. व्याज दरमहा दीडोत्री. नीट अक्षर आहे की, सुरेख आहे."

हिने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली. मी म्हटलं, "पण फेडले असतील ना?"

"ते पुढे नाही लिहीत. वसूल पाठीवर टाकतात. पाठ बघू."

"पाठ स्कॅन केलेली नाहीये. एकच बाजू होती."

"मग मूळ कागद मागव. जाऊ दोघं, मलाही बरेच दिवसांत जायचंय. रुमाल क्रमांक काय म्हणालास?"

मी लॅपटॉप आणला. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ती फाइल मिळाली. नाव होतं 'इमेज ७'. ज्या पानावरून घेतली ते पान आता उघडत नव्हतं.

अण्णांनी चकलीचा तुकडा मोडला. "दीडोत्री म्हणजे शेकडा दीड," ते म्हणाले, "महिन्याला. पावणेतीनशे वर्षं तरी धर." आणि खिशातून पेन काढून मिठाईच्या खोक्यावर आकडे मांडायला लागले.