भिंत आमची, चेहरा त्यांचा

आज सकाळी दूध घ्यायला खाली उतरले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या कुंपणावरून विधानसभा निवडणुकीतील एका उमेदवाराचा भला मोठा हसरा चेहरा माझ्याकडे पाहत होता. रात्री कोणीतरी येऊन फ्लेक्सचे एक टोक फाटकाच्या गजांना तारेने आवळले होते आणि दुसरे टोक पोहोचेना म्हणून नीलमोहराच्या खोडात खिळा ठोकून तेथे अडकवले होते. सोसायटीतील एकाही माणसाला विचारलेले नव्हते. पक्ष कोणता हे मी लिहिणार नाही, कारण नाशिकच्या गंगापूर रोडवरून अशोकस्तंभापर्यंत एक फेरी मारली, तर एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या सर्व पक्षांचे या एका बाबतीत पूर्ण एकमत झालेले दिसते.

फ्लेक्सचा राग आलाच, परंतु खरा संताप आला तो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. हा काढायला सांगू या, एवढेच मी लिहिले होते. त्यावर पहिले उत्तर आले, “जाऊ द्या ना काकू, वीस तारखेला मतदान झालं की निघेलच.” दुसरे आले, “उद्या पाण्याचं काम पडलं तर यांच्याच दारात जायचंय.” बाकीच्यांनी हात जोडल्याची चित्रे टाकली आणि विषय संपला.

माझ्या आजीच्या पंचवटीतील वाड्याची एक भिंत नदीकडे उतरणाऱ्या गल्लीवर होती. निवडणूक आली की त्या भिंतीवर सर्वांचा डोळा असे. एकदा एका उमेदवाराचा कार्यकर्ता गेरूचा डबा घेऊन आला, उंबऱ्याबाहेर चप्पल काढून त्याने आजीला विचारले, “भिंत रंगवू का?” आजीने त्याला वहीचे पान दिले आणि त्याच्याकडून लिहून घेतले की कोणती भिंत, किती दिवस, आणि नंतर चुना कोण मारणार. वर त्याला स्वच्छ सांगितले, “मत मात्र तुला देणार नाही हो.” तो हसला आणि कामाला लागला.

त्या वहीच्या पानाला आज निवडणूक आयोगाच्या नियमांत स्थान आहे, हे माझ्या सुशिक्षित शेजाऱ्यांना ठाऊक असावे अशी माझी अपेक्षा होती. खासगी जागेवर प्रचाराचा फलक लावायचा तर मालकाची लेखी संमती घ्यावी लागते आणि तिची प्रत तीन दिवसांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यावी लागते. ज्या फलकाचा असा कागदच नाही, त्याचा खर्च उमेदवाराच्या ४० लाखांच्या खर्चमर्यादेत कोण मोजणार? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क नुसार प्रचाराच्या छापील मजकुरावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता असावा लागतो. मी चष्मा लावून या फ्लेक्सचे चारही कोपरे पाहिले, तेथे नावाचा मागमूस नव्हता. आणि १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यात भिंतीबरोबर झाडही येते. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार! एवढ्यात आज धड फ्लेक्ससुद्धा होत नाही, तेव्हा त्याला कोण भिणार, हे मला मान्य आहे.

पण माझे दुखणे दंडाचे नाहीच. आजीने त्या माणसाला भिंत दिली आणि मत दिले नाही, हे तिला करता आले ते त्याने विचारले म्हणून. ती नाहीही म्हणू शकली असती. आज आमच्या फाटकावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाने हेच धरले असेल की ही सोसायटी अमक्याची आहे. मतदान केंद्रात पुठ्ठ्याच्या आडोशामागे माझे मत गुप्त राहावे म्हणून एवढा बंदोबस्त ठेवायचा, आणि माझ्या घरावर रात्रीतून कोणीतरी माझे मत टांगून जावे, आणि त्यावर शेजाऱ्यांनी मला म्हणावे की जाऊ द्या ना काकू? का जाऊ द्यायचे? पाणी मिळणे हा आमचा हक्क आहे. त्यासाठी भिंत गहाण ठेवायची असेल, तर तसा ठराव तरी करा!

ज्या अपक्षाजवळ मोठ्या जाहिरातीला पैसा नाही त्याने लोकांपुढे यावे कसे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याने बेल वाजवावी, मी स्वतः त्याला भिंत देईन.

ज्या मुलांनी हे रात्री बांधले, त्यांच्यावर मात्र मला रागावता येत नाही. सध्याच्या थंडीत टेम्पोमागे बांबूंवर बसून, रोजावर, मध्यरात्री शहरभर फिरणारी ती पोरे आहेत. हातात दिलेली यादी पुरी करायची, एवढेच त्यांना सांगितलेले असते. शिडीवरून त्यांच्यापैकी एखादा पडला, तर फ्लेक्सवरील चेहऱ्याला त्याचे नाव तरी ठाऊक असेल का? १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला जाहिरातीचा महाकाय फलक पेट्रोलपंपावर कोसळून सतरा माणसे गेली. तो व्यापारी फलक होता, आमचा फ्लेक्स त्यापुढे चिंधी आहे, हे खरे. पण कोणी विचारणार नाही या भरवशावर दोन्ही उभे राहतात.

१५ ऑक्टोबर २०२४ ला आचारसंहिता लागली, तेव्हाचे दोन-तीन दिवस आठवतात का? सरकारी जागा चोवीस तासांत, सार्वजनिक जागा अठ्ठेचाळीस तासांत आणि खासगी जागांवरील विनापरवाना फलक बहात्तर तासांत मोकळे करायचे असतात. वाढदिवस, अभिनंदन, आगामी सणाच्या शुभेच्छा असे सगळे भराभर उतरले, आणि त्र्यंबक नाक्यावर उभे राहिल्यावर पलीकडचा रस्ता दिसू लागला. मला तर शहर अचानक रुंद झाल्यासारखे वाटले. म्हणजे मनात आणले तर जमते.

दुपारी मी निवडणूक आयोगाच्या तक्रारीसाठीच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो टाकला. तक्रार शंभर मिनिटांत मार्गी लावण्याचे बंधन असते; पथक शिडी घेऊन आले, पंचनामा केला आणि फ्लेक्स उतरवून घेऊन गेले. खिळा झाडातच आहे. त्यांच्यातील एका तरुणाने जाताना हळूच विचारले, “मावशी, तुम्हाला काही त्रास तर होणार नाही ना?” त्याच्या स्वरात काळजी होती, म्हणून बरे वाटले, पण हे त्याला विचारावेसे वाटावे, याचे वाईटही वाटले.

आजीचा तो उमेदवार पडला होता. तरीही निकालानंतर त्याचा कार्यकर्ता चुन्याची बादली घेऊन आला आणि संबंध भिंत, रंगवली नव्हती तेवढीसुद्धा, पांढरी करून गेला. पुढच्या निवडणुकीत आजीने त्याला विनाकागद भिंत दिली. (मत दिले की नाही, हे तिने आजोबांनाही सांगितले नाही.)

येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे. लेखी अर्ज आल्याशिवाय आणि सभासदांनी मान्यता दिल्याशिवाय आपल्या भिंतीवर, फाटकावर किंवा झाडांवर कोणत्याही पक्षाचा फलक लागणार नाही, असा ठराव मी मांडणार आहे आणि त्याच्या प्रती आपल्या मतदारसंघातील प्रत्येक उमेदवाराच्या कार्यालयात स्वतः पोहोचवणार आहे. मसुदा तयार आहे. तुमच्या सोसायटीसाठी हवा असेल, तर खाली लिहा, पाठवते.