लागू नसेल ते खोडावे

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी काँगोतल्या गोमा शहराची क्लिप टाकली. रस्ताभर गाठोडी घेऊन पळणारी माणसं. खाली पुतण्याने लिहिलं, "काका, आफ्रिकेत हे चालायचंच. टोळ्या आहेत त्या." तेव्हा मी गप्प बसलो, पण दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. ती क्लिप समजायची तर काँगोच्या शेजारच्या रवांडात १९९४ ला झालेल्या वंशसंहारापासून सुरुवात करावी लागते. म्हणून इथे लिहितोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून सुटलो. त्यामुळे असेल कदाचित, पण रवांडाबद्दल पहिल्यांदा वाचताना मी एका ओळखपत्रापाशी अडकलो. त्या कार्डावर एक ओळ छापलेली असायची: हुतू, तुत्सी, त्वा (हे तिथले तीन समाज), नागरिकत्व घेतलेला. कारकुनाने यातले गैरलागू शब्द पेनाने खोडायचे. आपल्या फॉर्मवर असतं ना, 'लागू नसेल ते खोडावे', अगदी तसंच. असे शब्द मी नोकरीत हजारोंनी खोडलेत, चहाचा घोट घेता घेता. १९९४ च्या एप्रिलमध्ये तिथे नाक्यानाक्यावर कोयते घेतलेली पोरं हे कार्ड मागत होती आणि 'तुत्सी' हा शब्द खोडायचा राहिलेला दिसला की माणसाला बाजूला घेत होती.

आता 'टोळ्या'बद्दल. हुतू आणि तुत्सी एकच किन्यारवांडा भाषा बोलतात, एकाच चर्चमध्ये जातात, एकाच डोंगरावर शेजारी शेजारी राहतात, कुळंसुद्धा सामाईक. ढोबळमानाने गुरं बाळगणारे आणि दरबाराजवळचे ते तुत्सी, शेती करणारे ते हुतू. लग्नं होत होती, कुणी वर चढत होता, कुणी खाली येत होता. आधी जर्मन आले, पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियन. त्यांनी नाकं मोजली, उंच्या मोजल्या, तुत्सींना वरच्या वंशाचं ठरवून कारभाराला जुंपलं आणि १९३० च्या दशकात शिरगणती करून प्रत्येकाच्या हातात कार्ड दिलं. कार्ड बापाचं तेच लेकाचं. पुढे स्वातंत्र्याचं वारं सुटल्यावर याच बेल्जियनांनी पारडं बदलून हुतूंच्या पाठीवर हात ठेवला. १९५९ पासून तुत्सींच्या कत्तली झाल्या, लाखो लोक युगांडात, बुरुंडीत परागंदा झाले. १९६२ ला देश स्वतंत्र झाला. साहेब गेला, रकाना राहिला.

हा रकाना तसाच निपचित पडून राहिला असता का, माहीत नाही. पण १९८९ मध्ये कॉफीचा भाव कोसळला आणि कॉफीवर जगणारा देश कंगाल झाला. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये परागंदा तुत्सींच्या पोरांची फौज, आरपीएफ, युगांडातून चाल करून आली. सरकारला घरातला शत्रू हवाच होता, तो कार्डावर छापून तयार होता. १९९३ मध्ये टांझानियातल्या आरुशाला सरकार आणि आरपीएफ यांच्यात तह झाला, सत्तेत वाटा द्यायचं ठरलं. त्याच वर्षी आरटीएलएम हे रेडिओ स्टेशन सुरू झालं. गाणी झकास लावायचे म्हणे, आणि गाण्यांच्या मध्ये तुत्सींना 'इन्येंझी' म्हणायचे. म्हणजे झुरळं.

६ एप्रिल १९९४ ला हुतू राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचं विमान राजधानी किगालीवर पाडलं गेलं. पुढच्या शंभर दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने ८ लाख माणसं, बहुतेक तुत्सी, मारली गेली, रवांडा सरकार १० लाखांच्या वर सांगतं. मारण्याला शब्द होता 'काम'. कामावर चला, काम झालं का, काम उरकलं का.

पुतण्या, इथे नीट वाच. बुटारे नावाच्या जिल्ह्यात पहिले जवळजवळ दोन आठवडे कत्तल फारशी झाली नाही. का? तिथला प्रीफे, म्हणजे आपला जिल्हाधिकारी, देशातला त्या पदावरचा एकमेव तुत्सी होता. ज्यां-बाप्तिस्त हब्यालिमाना (नाव राष्ट्राध्यक्षांसारखं, पण माणूस वेगळा). त्याने जिल्हा आवरून धरला होता. मग सरकारने त्याला पदावरून काढलं. १९ एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्ष स्वतः तिथे भाषण करून गेले, 'काम' न करणाऱ्यांना टोमणे मारून. लगेच कत्तल सुरू झाली. हब्यालिमाना पुढे मारला गेला, त्याची बायकामुलंही. टोळ्यांचा जुना वैरभाव असता तर तो एका बदलीच्या आदेशाची वाट बघत थांबला असता का रे?

दुसरा माणूस, ज्यां-पॉल अकायेसू. ताबा गावाचा बुर्गमेस्त्र, तहसीलदार आणि सरपंच एकत्र केल्यासारखं पद. मूळचा शिक्षक. सुरुवातीला त्यानेही मारेकऱ्यांना अडवलं होतं. १८ एप्रिलला सरकारने बुर्गमेस्त्रांची बैठक घेतली. बैठकीहून परत आला तो दुसराच माणूस, हे कोर्टाच्या निकालातच आहे. त्याच्याच कार्यालयाच्या आवारात आसऱ्याला आलेल्या बायकांवर बलात्कार झाले आणि हा तिथेच होता. मी ज्या आवारात ३१ वर्षं सायकल लावली, तिथे लोक दाखल्याला आलेले असायचे, झाडाखाली डबा खात बसलेले. हे वाचताना मला तेच झाड दिसत राहिलं.

रवांडाच्या खटल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी आरुशाला नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्याच्या मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. एका साक्षीदार बाईच्या बोलण्यात ते आलं आणि न्यायासनाने पुढे विचारलं. त्या तीन न्यायाधीशांत एकच बाई, डर्बनच्या तमिळ घरातल्या नवी पिल्लै. आरोपपत्र दुरुस्त झालं. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात वंशसंहारासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पहिल्यांदा कुणाला दोषी धरलं आणि बलात्कार हेही वंशसंहाराचं हत्यार असू शकतं, असं म्हटलं.

जगाने काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण राग येतो. संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे सेनापती दालेर यांनी ११ जानेवारीलाच लपवलेल्या शस्त्रांची खबर न्यूयॉर्कला कळवली होती. धाड घालू नका, असं उत्तर आलं. एप्रिलमध्ये दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, तर फौज वाढवायची सोडून २७० वर आणायचा ठराव झाला.

जुलैत आरपीएफ जिंकली, कत्तल थांबली, सत्ता त्यांच्या हाती आली. नंतरचं प्रकरण मला जास्त अवघड वाटतं. तुरुंगात लाखाच्या वर माणसं कोंबलेली, न्यायाधीश निम्मेअर्धे मेलेले. मग नव्या सरकारने गचाचा काढलं. गवतावर बसून न्याय करायची जुनी पद्धत. गावानेच निवडलेले पंच, वकील नाहीत. कबूल केलं तर शिक्षा कमी. २०१२ ला हे संपलं तोवर जवळपास २० लाख खटले निकाली निघाले होते. कायदेवाले नाकं मुरडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. आरपीएफने केलेल्या हत्यांची दादही तिथे लागली नाही. तरी कित्येक बायकांना आपल्या माणसाची हाडं कुठे पुरलीत ते याच गवतावर कळलं, ते वकिलांकडून कळलं नसतं. आरपीएफचे नेते, राष्ट्राध्यक्ष कागामे यांच्या राज्यात रस्ते चकाचक आहेत आणि २०२४ ला त्यांना ९९ टक्के मतं पडली. मतमोजणीच्या ड्युट्या केलेला माणूस म्हणून सांगतो, एवढा आकडा दिसला की मी चष्मा पुसून पुन्हा बघतो.

आणि गोमा. १९९४ च्या जुलैत हरलेले मारेकरी लाखो हुतू निर्वासितांबरोबर तिथेच गेले, छावण्यांतलं रेशन त्यांच्याच हाती. १९९६ ला रवांडाची फौज त्यांच्यामागे काँगोत घुसली. तू पाठवलेली, की ज्याने कुणी पाठवलेली, ती क्लिप तिथून सुरू होते.

आता रवांडाच्या कार्डावर तो रकाना नाही. पण वाचलेल्यांसाठी १९९८ ला सरकारने निधी काढला, त्यात शाळेची फी, दवाखाना. लाभार्थी कोण, तर १ ऑक्टोबर १९९० ते ३१ डिसेंबर १९९४ या काळात ज्याच्या जिवावर उठले होते तो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार अडीच ते पाच लाख बायकांवर बलात्कार झाले. त्यातून झालेली मुलं बहुतेक १९९५ मध्ये जन्मली. आई यादीत, मूल नाही. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मीही तारीख बघून परत केला असता.