त्या ‘एका इंजेक्शनात मुलाची मुलगी’ मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत तो मेसेज मला चार जणांनी पाठवला. निपाणीचा मामेभाऊ, शहापूरची मैत्रीण, आमच्या दुकानात माल टाकणारा पोरगा, आणि चौथी खुद्द आमची वहिनी. पहिल्या तिघांचा बघून सोडून दिला, रोज असलं ढीगभर येतंय, कुठं कुठं उत्तर देत बसणार. पण वहिनीनं खाली एक ओळ लिहिली होती, "वन्सं, हे आपल्या पोरीचंच औषध न्हवं?" आणि दादा म्हणालाय म्हणे की पुढचा डोस राहू दे, आधी बघू या. म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही, खानापुरात मेडिकलच्या काउंटरला बारा वर्षं उभी आहे, तेवढंच माझं शिक्षण समजा.

मेसेज असा आहे, ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी: "सावधान! अमेरिका-इंग्लंडमध्ये एका इंजेक्शनात मुलाची मुलगी करतात. हे कॅन्सरचं औषध आहे, गुन्हेगारांना नपुंसक करायला वापरतात. लाखो मुलं बरबाद. इंग्लंडनं विष म्हणून बंदी घातली, सगळ्या युरोपनं घातली. हे परदेशी खूळ आता आपल्या शाळेत येणार. मीडिया दाखवणार नाही, पुढे पाठवा." वर एका रडणाऱ्या पोराचा फोटो आणि मोठी सुई.

पहिलंच वाक्य घ्या. मुलाची मुलगी करणारं इंजेक्शन जगात कुठंच नाही. ज्याला प्युबर्टी ब्लॉकर म्हणतात ते वयात येणं थांबवून धरतं, बाकी काही नाही. आपल्या मेंदूतून पिट्युटरी ग्रंथीला ठोक्याठोक्यानं सिग्नल जात असतो, त्यावर ती पुढं हार्मोन सोडते आणि पोरगं वयात येतं. हे औषध काय करतं तर तो सिग्नल सलग चालू ठेवतं. दारावरची बेल कुणी दाबूनच धरली तर पहिल्यांदा आपण धावतो, मग कान बंद करून बसतो, तसं त्या ग्रंथीचं होतं. मुलाला बाईसारखं किंवा मुलीला पुरुषासारखं शरीर देणारे हार्मोन ही वेगळी औषधं, आणि ऑपरेशन हा तिसराच विषय. नव्वदच्या दशकात नेदरलँडमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी ट्रान्सजेंडर मुलांसाठी ही पद्धत बसवली तेव्हाही ब्लॉकर साधारण १२ नंतर, हार्मोन १६ ला आणि ऑपरेशन १८ नंतर अशीच पायरी होती. पाच-सहा वर्षांच्या ट्रान्स पोराला काहीच देत नाहीत, थांबवायला आधी काही सुरू तर व्हायला पाहिजे. बातम्यांत मात्र तिन्ही एकाच पातेल्यात, आणि मराठीत येईपर्यंत त्याचं नाव ‘लिंगबदलाचं इंजेक्शन’ होऊन जातं, मग पुढचं सगळं वाकडंच.

कॅन्सरचं औषध, हे खरं आहे की. ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन ही नावं माझ्या काउंटरवरून गेलेली आहेत, प्रोस्टेटच्या कॅन्सरला देतात, बायकांच्या एन्डोमेट्रिओसिसला देतात, आयव्हीएफमध्ये वापरतात. काही देशांत लैंगिक गुन्हेगारांना पण देतात, तेही खोटं नाही. पण हळद जखमेत भरतात आणि नवरीलाही लावतात, म्हणून नवरी जखमी होत नाही.

आणि आमच्या पोरीला पण तेच देतायत. माझी भाची, साडेसात वर्षांची. मागच्या दिवाळीत अभ्यंगाला तेल लावताना वहिनीच्या हाताला छातीत गाठीसारखं लागलं, एका बाजूला. आधी वाटलं लागलं-बिगलं असेल. महिन्याभरात दुसऱ्या बाजूला पण, आणि पोरगी भराभर उंच होऊ लागली तर घरात सगळे खूश, आईवर गेली म्हणून. बेळगावला दाखवलं. डॉक्टर सगळं कन्नडात आणि मधे मधे इंग्लिश, वहिनीला अर्धं समजलं, फाइल घेऊन माझ्याकडं आली. डाव्या हाताचा एक्स-रे होता, आणि खाली हाडाचं वय साडेदहा. पोरगी साडेसातची, हाडं साडेदहाची. मुलींना आठच्या आत अशी लक्षणं दिसली की डॉक्टर तपासायला सांगतात, मेंदूत गाठ वगैरे नाही ना म्हणून एमआरआय पण झाला, सुदैवानं काही नव्हतं. पण असंच सोडलं असतं तर दुसरी-तिसरीतच न्हाण आलं असतं आणि हाडांची टोकं लवकर जुळून उंची तिथंच खुंटली असती. म्हणून दर तीन महिन्याला ११.२५ एमजीचं इंजेक्शन. पहिल्या डोसनंतर दोन दिवस थोडं रक्त दिसलं तर वहिनी पांढरीफटक, पण ते सुरुवातीला होऊ शकतं, बेल वाजल्यावर धावतात ना, ते तेच. नंतर सगळं शांत. अकराच्या आसपास थांबवतील, मग पोरगी आपल्या वर्गातल्या पोरींबरोबरच मोठी होईल. या कामासाठी हे औषध १९८० च्या दशकापासून वापरात आहे, अमेरिकेत १९९३ ला रीतसर मान्यता मिळाली. कालचं खूळ नाही हे.

लाखो मुलं. अमेरिकेत खाजगी इन्शुरन्स असलेल्या ८ ते १७ वयाच्या ५१ लाखांवर मुलांची २०१८ ते २०२२ ची नोंद तपासली, ती २०२५ च्या जानेवारीत छापून आली. त्यात ट्रान्स म्हणून ब्लॉकर घेतलेली मुलं ९२६. हजार पण नाहीत. इंग्लंडमध्ये २०२४ ला नियम बदलला तेव्हा सरकारी सेवेतून घेणारी शंभरपेक्षा कमी होती. एक पोरगं असलं तरी त्याचं नीट व्हायला पाहिजे हे मान्य, पण लाख म्हणू नका.

आता इंग्लंड. इथं मेसेजवाल्याला अर्धे मार्क द्यावे लागतात, आणि मी देणार, कारण उलट्या बाजूचा पण एक रील फिरतोय त्यात ‘हे पॉज बटण आहे, दाबा आणि सोडा, काही होत नाही’ असं सांगतायत, ते पण तितकंच कच्चं आहे. झालं असं की लंडनच्या टॅव्हिस्टॉक या ट्रान्स मुलांच्या क्लिनिकबद्दल तक्रारी वाढल्या, सरकारी आरोग्यसेवेनं हिलरी कॅस नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंना चौकशीला बसवलं, त्यांचा ३८८ पानांचा रिपोर्ट २०२४ च्या एप्रिलमध्ये आला. त्यांनी विष म्हटलं नाही. त्या म्हणाल्या की पुरावा फार कमकुवत आहे. फायदा होतो हे नीट सिद्ध नाही, लांबच्या पल्ल्यात काय होतं ते पण नाही. कमकुवत पुरावा आणि विष यात केवढं अंतर आहे हो! त्याआधीच मार्चमध्ये आरोग्यसेवेनं ट्रान्स मुलांना हे रुटीनमध्ये देणं बंद केलं, संशोधनात असेल तरच, असं. मे मध्ये खाजगी प्रिस्क्रिप्शनवर तात्पुरती बंदी आली आणि डिसेंबरमध्ये ती बेमुदत झाली, २०२७ ला परत बघणार म्हणून. तिथल्या औषध आयोगानं आत्ता ज्या पद्धतीनं दिलं जातंय त्यात न पेलणारी जोखीम आहे असं म्हटलंय, हेही लपवत नाही. पण ही बंदी अठराच्या आतल्या ट्रान्स मुलांना नव्यानं देण्यावर आहे. आमच्या भाचीसारख्या लवकर वयात येणाऱ्या पोरींना इंग्लंडमध्ये आजही हेच इंजेक्शन मिळतं. वहिनी, ही ओळ दोनदा वाच.

सगळ्या युरोपनं बंदी घातली, हे खोटं. फिनलंडनं २०२० ला आधी समुपदेशन असं ठरवलं, स्वीडननं २०२२ ला फक्त अपवादात्मक केसमध्ये द्या म्हटलं. हात आखडता घेतला, दार बंद केलं नाही. अमेरिकेत पंचविसाहून जास्त राज्यांत ट्रान्स मुलांना हे देण्यावर कायद्यानं बंदी आहे, २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं टेनेसीचा तसा कायदा सहा विरुद्ध तीननं कायम ठेवला. कोर्टानं औषध वाईट ठरवलं नाही, राज्याला असा कायदा करता येतो एवढंच म्हटलं.

त्या रीलमधलं दुसरं एक वाक्य, ‘कॅसबाईंनी ९८ टक्के अभ्यास कचऱ्यात टाकले’. हे पण झूट. यॉर्क विद्यापीठानं त्यांच्यासाठी १०३ अभ्यास तपासले, २ उत्तम, ५८ मध्यम, आणि हे ६० धरून निष्कर्ष काढला, बाकीचे कमी दर्जाचे म्हणून बाजूला ठेवले. आणि पॉज बटणाचं म्हणाल तर टॅव्हिस्टॉकच्याच एका अभ्यासात ४४ पैकी ४३ मुलं ब्लॉकरवरून पुढं हार्मोनवर गेली. कुणी म्हणतं म्हणजे निवड बरोबर होती, कुणी म्हणतं म्हणजे एकदा गाडीत बसवलं की उतरायला स्टॉपच नाही. आकडा एकच आहे, मला त्यावरून काहीच ठरवता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांची मला जरा भीतीच वाटते. ब्लॉकर चालू असताना हाडं भरायच्या वयात ती कमी भरतात हे दिसलेलं आहे. दुसरीतल्या पोरीला चार वर्षं थांबवून योग्य वयात सोडणं वेगळं, आणि ऐन वयात आलेल्याला थांबवून पुढं दुसरे हार्मोन देणं वेगळं. म्हणून भाचीला चालतंय म्हणून ट्रान्स पोरांनाही चालेलच असं मी म्हणणार नाही, आणि तिथं शंका आहे म्हणून भाचीचं थांबवा असंही कुणी मला सांगू नये.

परदेशी खूळ? आपण बेळगाव जिल्ह्यातली माणसं हे बोलतो याचं मला हसू येतं. सौंदत्तीच्या डोंगरावर पुनवेला कोल्हापूर-सांगलीच्या गाड्यांची रांग लागते, ‘उदं गं आई उदं’ म्हणत आपणच जातो ना? तिथं देवीचा जग, म्हणजे मूर्तीची टोपली, डोक्यावर घेतलेले जोगप्पा, पुरुष म्हणून जन्मलेले पण यल्लम्माला वाहिलेले नि लुगडं नेसणारे, ते कुठनं आले, लंडनहून? लहानपणी आमच्या दारात एक यायचे, हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, आजी आधी पाया पडायची मग सुपात जोंधळे घालायची. पोराला पोरगी व्हावंसं वाटणं इथं नवं नाही. त्यांच्यातल्याच लोककलावंत मंजम्मा जोगतींना २०२१ ला पद्मश्री मिळाली तेव्हा याच ग्रुपवर फुलं टाकली होती आपण. आता यावरून इंजेक्शन द्यावं असं होत नाही, ते डॉक्टरांचं काम, पण ‘आपल्याकडं असलं नव्हतं’ हे तरी म्हणू नका.

शाळेत देणार म्हणे. हजारो रुपयांचं इंजेक्शन, स्पेशालिस्टच्या चिठ्ठीशिवाय मी काउंटरवरून देत नाही, आणि शाळेत वाटणार. अंडं-केळं वेळेवर पोचलं तरी मिळवली.

राहिलं ‘मीडिया दाखवणार नाही’. कॅस रिपोर्ट आला त्या दिवशी ब्रिटनच्या पेपरांत पहिल्या पानावर होता. अमेरिकेत एका सरकारी पैशाच्या अभ्यासात ९५ मुलांना ब्लॉकर देऊन मनाच्या त्रासात सुधारणा दिसली नाही, आणि तो अभ्यास करणाऱ्या डॉक्टरबाईंनी राजकारणात वापरतील म्हणून निकाल छापायचा थांबवला, ही गोष्ट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनंच बाहेर काढली. त्याच पेपरला २०२३ ला त्यांच्यातल्याच शेकडो लिहिणाऱ्यांनी पत्र दिलं होतं की ट्रान्स लोकांबद्दल तुमचं लिखाण एकतर्फी आहे. म्हणजे दाखवतायत, भांडतायत, वर्षानुवर्षं. आपल्यापर्यंत येताना फक्त हेडिंग येतं, आणि मग हेडिंगचं हिंदी, हिंदीचं मराठी, त्यावर रडणारं पोरगं.

हे सगळं काल रात्री दादाला वाचून दाखवलं. मधेच उठून पाणी पिऊन आला, परत बसला, इंग्लंडचं दुसऱ्यांदा वाचायला लावलं. शेवटी विचारलं, "डोस मंगळवारी का बुधवारी?"

मंगळवारी. नऊच्या बसनं जातोय, पोरीला खिडकी पाहिजे म्हणून लवकर निघायचं ठरलंय.