‘इंग्रजांच्या काळात मुंबई आरशासारखी होती’ म्हणणाऱ्यांनी घरगल्लीत डोकवावं

तो मजकूर दोन दिवसांत मला चार जणांनी पाठवला. पहिल्या तिघांकडे मी दुर्लक्ष केलं. चौथा माझा भाचा. आठवीत आहे, ‘माझे शहर’ या विषयावर भाषण करायचंय, आणि आईच्या मोबाईलवर आलेला हा मजकूर त्याने वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला. फोनवर वाचून दाखवला तेव्हा मात्र राहवलं नाही.

मजकूर थोडक्यात असा: इंग्रजांच्या काळात मुंबईचे रस्ते रोज धुतले जात. त्यांनी सगळ्या शहराला भुयारी गटारं दिली. प्लेग त्यांनी शिस्तीने आवरला, आपले लोक मात्र अडाणीपणाने पळाले. कचऱ्याचे डोंगर स्वातंत्र्यानंतरचे. आणि शेवटी, ‘तेव्हा घाण कुठे दिसतच नसे’.

रस्ते धुण्याचं बरंचसं खरं आहे, मान्य. जुनी माणसं ती आठवण सांगतात, खोटं कशाला बोलतील? पण कुठले रस्ते ते विचारा. फोर्ट आणि मलबार हिल म्हणजे मुंबई नव्हे. पाण्याचं श्रेयही देतो: विहार १८६० चं, तानसा १८९२ चं, आजही आपण ते पाणी पितो.

कचऱ्याच्या डोंगरांचं तर साफ खोटं आहे. कुर्ला-चेंबूर रेल्वेमार्ग १९०६ मध्ये घातला तोच शहराचा कचरा वाहून न्यायला. त्यावर प्रवासी गाडी धावली १९२४ मध्ये. देवनारला कचरा पडू लागला १९२७ पासून. तेव्हा राज्य कुणाचं होतं, हे भाच्यालाही ठाऊक आहे.

माझा खरा राग शेवटच्या वाक्यावर आहे. घाण दिसत नसे, कारण ती घरगल्लीत असे. गिरगाव, भुलेश्वरच्या जुन्या चाळींत राहिलेल्यांना घरगल्ली सांगायला नको. दोन इमारतींच्या पाठी एकमेकींना जेमतेम न टेकता उभ्या, मधे एक माणूस कसाबसा जाईल एवढी फट. संडास त्या बाजूला. खाली टोपली. मोरीचं पाणीही त्याच फटीत पडायचं. त्या फटीतून हलालखोर, म्हणजे मैला उचलणारा सफाई कामगार, वाकून आत शिरायचा, टोपली ओढून काढायचा, मैला आपल्या टोपलीत ओतायचा आणि ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायचा. पावसाळ्यात ती टोपली गळायची. हे काम जातीने ठरलेलं, बापाकडून मुलाकडे आलेलं. घरमालकांकडून पालिका जो कर घ्यायची त्याचं नावच ‘हलालखोर कर’, १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात ते छापलेलं आहे. आणि या मजकुरात त्या माणसाला एक ओळसुद्धा नाही!

भुयारी गटारांबद्दल एवढंच: सगळ्या शहराला ती असती तर या टोपल्या कशाला लागल्या असत्या?

आता प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. ऑक्टोबरमध्ये रुग्णांना घरातून सक्तीने हलवण्याचा हुकूम निघाला. २९ तारखेला गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला, आणि दुसऱ्याच दिवशी पालिकेने हुकूम सैल केला. का, ते तेव्हाचे पालिका आयुक्त स्नो यांनीच आपल्या अहवालात नोंदवलंय. त्यांना सगळ्यांत मोठी भीती होती ती हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून जातील याची. ते गेले तर मुंबईत माणूस राहू शकणार नाही, हे साहेबाला पक्कं माहीत होतं. एवढी एक नोंद वाचली तरी शहर कुणाच्या जिवावर स्वच्छ होतं ते कळतं.

‘शिस्तीने आवरला’ म्हणे! गटारांत कार्बोलिक हे जंतुनाशक ओतलं, घरं धुतली, पण रोग उंदरांच्या पिसवांतून पसरतो हे फ्रेंच डॉक्टर सिमों यांनी कराचीत दाखवलं तेच १८९८ मध्ये. प्लेग त्यानंतरही वर्षानुवर्षं परतत राहिला. १८९१ च्या जनगणनेत मुंबईत ८,२१,७६४ माणसं होती, १९०१ मध्ये ७,७६,००६. वाढत्या शहरातली माणसं कमी झाली. पळालेल्यांना अडाणी म्हणू नका. चाळीत शेजारच्या खोलीत माणूस मेलेला असताना मुलाबाळांना घेऊन गावाकडे निघणं हेच शहाणपणाचं होतं. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये इथेच स्वतःला टोचून घेतलेली प्लेगची लस हे मोठं काम खरंच, पण हाफकिनही इंग्रज नव्हते, तेव्हाच्या रशियातल्या ओडेसाचे होते.

“मग मामा, भाषणात काय लिहू?” असं भाच्याने विचारलं. रविवारी त्याला आजीच्या जुन्या चाळीमागे नेणार आहे. घरगल्ली अजून तशीच आहे, तोंडाला गंजकं लोखंडी दार आहे, आणि ती साफ करायला आजही एक माणूस येतो. आधी त्यांच्याशी बोल, मग लिही, असं त्याला सांगितलंय.