हलका बूट चढाला ठीक, उताराचं काय?

‘स्पर्धेसाठी बूट जितका हलका तितका चांगला’ हे धावण्याच्या बुटांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. प्रत्येक बुटामागे १०० ग्रॅम वजन घटलं की ऊर्जेचा खर्च साधारण १ टक्क्याने कमी होतो, हे मान्य. पण उताराचा हिशेब त्यात कुठे आहे? सातारा हिल मॅरेथॉनला मी असाच पातळ तळाचा, हातात घेतला तर चपलेसारखा वाटणारा बूट घालून गेलो होतो. यवतेश्वरचा घाट चढताना पाय नुसते उडत होते. परतीला मात्र प्रत्येक पाऊल थेट मांडीत आदळायला लागलं, आणि ओल्या डांबरावर टाच सरकायची ती वेगळीच. घरी येऊन मोजे काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी.

तेव्हापासून सरावाला जाड तळाचाच जोड वापरतो. स्पर्धेचा हलका जोडही आधी दोन-तीन लांब पल्ल्यांना, त्यातही एकदा उतारावर, घालून बघतो. अर्धा नंबर मोठा घ्या, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. नवीन धावणाऱ्यांना खरं तर तेच आधी सांगायला हवं होतं.